चोवीस फुटी पाटी आणि तिच्यामागची भिंत : एका कामाची पूर्ण नोंद

फलकाच्या कामात गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं तो चौरस फुटाचा दर. एसीपीवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या जोडपत्र्यावर, अक्षरं हवी असतील तर इतके, नुसता फ्लेक्स असेल तर इतके. बसवणी त्यातच धरलेली असते, म्हणून ती कोणी वेगळी मोजत नाही. भिंत कशाची आहे, बोल्ट किती खोल जाईल, वीज कुठून घ्यायची, पालिकेकडे आणि सोसायटीकडे अर्ज कोणी करायचा, हे सगळं त्या एका आकड्यात गडप होतं. माझं ठाम मत आहे की आपल्याकडचे बरेचसे फलक कोटेशनच्या कागदावरच कमकुवत होतात. वारा फक्त नंतर येतो. पुढे नोंद देतोय ते काम आकाराने मोठं नव्हतं, पण या धंद्यातले जवळपास सगळे प्रश्न त्या एका दुकानावर एकत्र आले होते.

दुकान कापडाचं, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर, कोपऱ्याचं. दर्शनी बाजू मुख्य रस्त्याला, दुसरी गल्लीला. मालकांच्या मागण्या तीन होत्या. शटरच्या वर २४ बाय ४ फुटांचा एसीपीचा फलक आणि त्यावर आतून उजळणारी ॲक्रिलिकची अक्षरं. गल्लीच्या बाजूने भिंतीतून तीन फूट बाहेर येणारा, दोन्हीकडून वाचता येईल असा छोटा बोर्ड. आणि पहिल्या मजल्यावरच्या गच्चीच्या कठड्यावर नावाची सुटी, उभी अक्षरं, म्हणजे पुलावरूनही दुकान दिसेल. महिना मे. वळवाचा पाऊस कधीही येईल अशी हवा. त्यांच्या हातात दुसऱ्या एका कारागिराचं कोटेशन होतं : चौरस फुटाचा दर, एकूण रक्कम, खाली सही. बसवणी कशी करणार, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

जुना बोर्ड उतरवताना

आधीच्या भाडेकरूचा फ्लेक्सचा बोर्ड जागेवरच होता. तो काढणं हे आमचं पहिलं काम, आणि उतरवण्याला मी बसवण्याइतकंच महत्त्व देतो. ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला आणि चार माणसं गेली, तेव्हा तो सांगाडा काढण्याचंच काम चालू होतं. सांगाडा उभा असताना त्याचा भार कुठून कुठे जातो हे न बघता खालून कापायला सुरुवात केली की तो कोणत्या बाजूला येईल ते कोणाच्याच हातात राहत नाही. दुकानाचा बोर्ड लहान असला तरी रीत तीच. आधी खालचा फुटपाथ दोरी आणि पट्टी लावून बंद करायचा, मग फ्लेक्स कापून काढायचा म्हणजे वाऱ्याला पकड मिळत नाही, मग फ्रेम दोन ठिकाणी दोराने वरच्या रेलिंगला किंवा परांचीला बांधायची, आणि त्यानंतरच स्क्रू सोडायचे.

स्क्रू सोडायला पान्याची फारशी गरज पडली नाही. खालच्या रांगेतले दोन-तीन स्क्रू पोरांनी हाताने धरून ओढले तर गिट्टीसकट, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेल्या प्लगसकट, बाहेर आले. प्लास्टिकच्या गिट्टीला पांढरी भुकटी चिकटलेली. ती फ्रेम तिथे इतके दिवस टिकली याचं कारण एवढंच की फ्लेक्स मधोमध फाटलेला होता आणि वारा त्यातून आरपार जात होता.

भिंतीची पूड

भिंत ओळखायला आमच्याकडे साधी पद्धत आहे. सहा मिलिमीटरचा बिट लावून फलकाच्या मागे झाकल्या जातील अशा जागी चार-पाच ठिकाणी भोकं पाडायची आणि पडणारी पूड कागदावर धरायची. आधी प्लॅस्टरची राखाडी वाळू येते. त्यानंतर लाल आली तर वीट. राखाडीच राहिली, बिट अडखळू लागला आणि ड्रिलचा आवाज चढला तर काँक्रीट. आमच्या पोराने दुसऱ्याच भोकाला वरून हाक दिली : "दादा, पांढरी येतेय. जोरच लावावा लागत नाहीये." म्हणजे सिपोरेक्स. एएसी ब्लॉक म्हणा. पुण्यातल्या गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक नव्या इमारतींच्या भिंती याच असतात. हलक्या, उष्णता कमी घेणाऱ्या, बांधायला झटपट. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या ब्लॉकमध्ये हवेचे बुडबुडे असतात आणि आपण ज्या बोल्टला अँकर फास्टनर म्हणतो तो भोकात फुगून, आजूबाजूच्या मालावर दाब देऊन टिकतो. काँक्रीट तो दाब सहन करतं. सिपोरेक्स चुरा होतो. बोल्ट आवळताना घट्ट झाल्यासारखा वाटतो, अर्धा फेरा जास्त दिला की एकदम मोकळा फिरायला लागतो, आणि मग कारागीर त्यात माचिसच्या काड्या किंवा सिमेंटची पेस्ट भरतो. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की त्याबद्दल शांतपणे लिहिणं अवघड जातं.

मालकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. ते म्हणाले, "अहो साहेब, शेजारच्यांचा बोर्ड गिट्टीवरच आहे की. चार पावसाळे निघाले त्याचे." मी त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला, कारण असं बोलणं तोंडी मिटत नाही.

वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ भाग ३ हे मानक आहे. त्यात प्रत्येक भागासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग दिलाय : पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४. म्हणजे पुण्यात ताशी साधारण १४० किलोमीटर आणि मुंबईत १५८. असा वारा रोज येत नाही, पण इमारतीच्या आयुष्यात एखाद्या झोताला येऊ शकतो असं धरून चालायचं असतं. दाब काढायला वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणायचं. ३९ चा वर्ग १५२१, म्हणजे चौरस मीटरला साधारण ९१३ न्यूटन, आपल्या भाषेत ९३ किलोचा भार. आमचा फलक ९६ चौरस फुटांचा, म्हणजे ८.९ चौरस मीटर. एकूण भार ८३० किलोच्या घरात. आणि फलकाचं स्वतःचं वजन? चौकट, उभे अँगल, पत्रा, अक्षरं सगळं मिळून दीडशे किलोच्या आसपास. मालकांच्या मनात फक्त हे दीडशे किलो होते. बहुतेकांच्या मनात तेवढेच असतात. वाऱ्याचा भार त्याच्या पाचपटीहून जास्त आहे हे त्यांनी आकडे स्वतः पुन्हा मांडून बघितले तेव्हाच पटलं.

हा कच्चा हिशोब. स्ट्रक्चरल इंजिनीअर यात फलकाची उंची, आजूबाजूच्या इमारती, कोपऱ्यावर वाढणारा ताण असे गुणक धरतो, आणि आमचं दुकान कोपऱ्याचं असल्याने ते धरणं भागच होतं. एक गोष्ट मात्र कारागिरालाही माहीत हवी. वारा समोरून ढकलतो तेव्हा फलकाला भिंतीचा आधार मिळतो. पण तोच वारा इमारतीच्या कडेने वाहतो तेव्हा भिंतीच्या बाहेर ओढ तयार होते, फलकाच्या मागे शिरलेली हवा त्याला बाहेर लोटते, आणि सगळा भार बोल्टच्या पकडीवर येतो. गिट्टी नेमकी तिथेच हरते.

भिंत सोडून काँक्रीट धरायचं

सिपोरेक्समध्ये काहीच बसवता येत नाही असं नाही. त्यासाठी केमिकल अँकर मिळतो : भोक ब्रशने आणि हवेच्या पंपाने साफ करायचं, दोन घटकांची राळ भरायची, त्यात आट्याचा रॉड फिरवत घालायचा आणि कंपनीने सांगितलेला वेळ हात लावायचा नाही. किंवा भिंतीतून आरपार बोल्ट घेऊन आतल्या बाजूला जाड पट्टी लावायची. पहिला उपाय चांगला, पण भोक साफ करण्यात आळस झाला तर राळ भुकटीला चिकटते, भिंतीला नाही. दुसऱ्याला दुकानाच्या आतलं फर्निचर आडवं येत होतं.

आम्ही तिसरा मार्ग घेतला. मोजमाप केल्यावर दिसलं की फलकाची वरची कड पहिल्या मजल्याच्या बीमवर येते आणि खालची कड शटरवरच्या लिंटेलवर, म्हणजे काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यावर. मधली तीन फूट भिंत सिपोरेक्सची. तेव्हा मधल्या भिंतीला हातच लावायचा नाही. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचे सात उभे अँगल, दर चार फुटांवर एक, वर बीमला दोन बोल्ट, खाली लिंटेलला दोन. चौकट या अँगलवर. वाऱ्याचा भार चौकटीतून अँगलला आणि अँगलमधून थेट काँक्रीटला. मधल्या अँगलवर कडेच्या अँगलच्या दुप्पट भार येतो, तो साधारण १४० किलो. चार बोल्टांत वाटला तर एका बोल्टमागे ३५. दहा मिलिमीटरचा अँकर चांगल्या काँक्रीटमध्ये याच्या कित्येक पट भार घेतो. ही सवड मुद्दाम ठेवली होती, कारण जागेवर एखादा बोल्ट मनासारखा बसत नाही हे गृहीत धरूनच काम आखावं लागतं.

बसलेच नाहीत काही. बीममध्ये दोन भोकांना सळई लागली. सळई लागली की बिट वाजतो आणि पुढे जायचं नाव घेत नाही. अशा वेळी सळई कापणारा बिट लावून पुढे जाणारे लोक आहेत. इमारतीच्या बीमची सळई एका पाटीसाठी कापायची नसते. भोक सोडून द्यायचं, सिमेंटच्या मसाल्याने बुजवायचं आणि अँगलला बाजूला नवं भोक पाडायचं. यासाठीच अँगलची भोकं कारखान्यात लांबट पाडून आणली होती. सळई आणि भिंतीतली जिवंत वायर दाखवणारं डिटेक्टर यंत्र हल्ली मिळतं. ते आधी फिरवलं म्हणून बाकीची भोकं पहिल्याच फटक्यात लागली.

दुसरी अडचण प्लॅस्टरची. पुण्यात बाहेरचं प्लॅस्टर दोन थरांचं, वीस-पंचवीस मिलिमीटर जाड असतं. बोल्टच्या पाकिटावर जी खोली लिहिलेली असते ती काँक्रीटमधली. प्लॅस्टर त्यात मोजायचं नाही. ७५ मिलिमीटरचा बोल्ट घेऊन त्यातला पंचवीस प्लॅस्टरमध्ये आणि पाच-सात अँगलच्या जाडीत आणि वॉशरमध्ये गेला, की काँक्रीटमध्ये उरतं काय? म्हणून १२० मिलिमीटरचे बोल्ट मागवले. भोकातली पूड हातपंपाने फुंकून काढली आणि नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळले. टॉर्क रेंच फलकाच्या धंद्यात फार कोणाकडे दिसत नाही. माझ्या मते हॅमर ड्रिलनंतर विकत घ्यायचं पहिलं हत्यार तेच.

बाकीच्या हत्यारांबद्दल थोडक्यात. एसडीएस बिटचा हॅमर ड्रिल, चार इंची ग्राइंडर, रिव्हेट गन, लेसर लेव्हल आणि जोडीला ओळंबा व लाइनदोरी, कारण उन्हात लेसरची रेघ दिसत नाही. साइटवर वेल्डिंग शक्य तितकं टाळलं. चौकट एक इंची चौकोनी पाइपची, कारखान्यात वेल्ड करून, घासून, रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन तीन तुकड्यांत आणली आणि वर बोल्टने जोडली. साइटवरच्या वेल्डिंगचे जोड रंगवायचे राहतात, आणि पाटीचा गंज नेहमी त्या जोडांपासून सुरू होतो. चढायला दोन शिड्या आणि मध्ये फळी हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. त्याऐवजी एच फ्रेमची परांची भाड्याने घेतली, कठडा लावून. सेफ्टी बेल्ट पूर्ण अंगाचा, दोन दोऱ्यांचा, म्हणजे जागा बदलताना एक दोरी नेहमी अडकलेली राहते. कमरेचा पट्टा लावून पडलेला माणूस लटकतो, पण त्याच्या पाठीचं काय होतं ते ज्याने बघितलंय तो पुन्हा तो पट्टा कोणाला देणार नाही.

पत्रा, तापमान आणि आग

एसीपी म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये भरलेला गाभा. स्वस्त पत्र्यात तो गाभा साध्या पॉलिथिनचा असतो. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली, तेव्हा आग इमारतीभर चढण्यात अशाच गाभ्याच्या बाहेरच्या आवरणाचा मोठा वाटा होता. दुकानाची पाटी म्हणजे टॉवर नव्हे. पण आमच्या पाटीच्या आत विजेच्या तारा होत्या आणि बरोबर वर पहिल्या मजल्याच्या खिडक्या. म्हणून चार मिलिमीटरचा, आग रोखणाऱ्या गाभ्याचा पत्रा घेतला. मालकांनी यावर फार घासाघीस केली नाही. वर राहणारी कुटुंबं त्यांच्या ओळखीची होती.

ॲल्युमिनियम तापलं की वाढतं. आठ फुटांच्या एका पत्र्यात रात्र आणि भर दुपार यांत चाळीस अंशांचा फरक धरला तर दोन मिलिमीटरहून थोडी जास्त वाढ होते. एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा हाताला चटका देतो, तेव्हा हा फरक अतिशयोक्ती नाही. तीन पत्रे कडेला कड लावून बसवले तर दुपारी मध्ये फुगवटा येतो आणि रिव्हेट सैल होतात. जोडात आठ मिलिमीटर सोडून ते सिलिकॉनने भरलं. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येतो ते धातूला आणि तारांच्या जोडांना खातं. ते फलकात वापरू नये.

देवनागरी अक्षरं बसवणं

या भागावर मला थोडं रेंगाळायचंय, कारण यावर आपल्या धंद्यात कोणी लिहीत नाही. अक्षरांची यंत्रं, साचे, जोडायच्या पद्धती सगळ्या रोमन अक्षरांच्या हिशोबाने आलेल्या आहेत. तिथे प्रत्येक अक्षर सुटं. आपला शब्द शिरोरेषेने बांधलेला. नाव पाच अक्षरी असलं तर सहा-सात फुटांचा एकच तुकडा होतो. ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट वाढतं, म्हणजे तो लांब तुकडा दोन्ही टोकांना घट्ट आवळला तर शिरोरेषा मध्येच तडकते. शिरोरेषा कापून अक्षरं सुटी केली तर रात्री दिवे लागल्यावर प्रत्येक जोडावर काळी रेघ दिसते आणि शब्द मोडल्यासारखा वाटतो.

आम्ही शब्द दोन तुकड्यांत केला, जोड कान्याच्या उभ्या दांड्यावर नेला. तिथे मुळातच जाडी असते आणि रेघ डोळ्यात भरत नाही. जोडाच्या मागच्या बाजूला आतून पांढरी पट्टी लावली म्हणजे उजेड त्या फटीतूनही थोडा झिरपतो. अक्षर पत्र्याला धरून ठेवणाऱ्या आट्याच्या काड्या म्हणजे स्टड. मधला स्टड घट्ट, बाकीच्या स्टडची भोकं दोन मिलिमीटर मोठी, म्हणजे अक्षराला सरकायला वाव.

मग अनुस्वार आणि उकार. नावात एक अनुस्वार होता. तो टिंबाएवढा तुकडा, पण त्याला स्वतःचे दोन स्टड, स्वतःचं एलईडी मोड्यूल, तार आत जायला स्वतःचं भोक आणि पाणी निघायला खाली बारीक छिद्र. रोमन अक्षरांवर हात बसलेला कारागीर अनुस्वार दुहेरी टेपने चिकटवून मोकळा होतो. पहिल्या मोठ्या पावसात तो गळतो आणि दुकानाचं नाव बदलतं. उकाराचंही तसंच : तो अक्षराखाली लोंबतो, म्हणून चौकटीचा आडवा पाइप नेमका त्याच्यामागे येणार नाही हे आधीच बघावं लागतं, नाहीतर तारेला वाट राहत नाही. यासाठी आम्ही संपूर्ण नावाचा प्रत्यक्ष आकाराचा कागदी टेम्प्लेट काढला, पत्र्यावर चिकटवला, शिरोरेषा लेसरला लावली आणि टेम्प्लेटवरूनच सगळी भोकं पाडली. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, त्यामुळे दिसणारी उंची मोजताना ती धरायची आणि सरळ रेषा लावताना शिरोरेषेवरच भरोसा ठेवायचा.

मालकांच्या मूळ नक्षीत इंग्रजी नाव मोठं आणि मराठी खाली बारीक होतं. ते कायद्यात बसत नव्हतं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ च्या सुधारणेने कलम ३६-क आलं : नामफलक मराठी देवनागरीत हवा, मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि त्यांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू आहे. मुंबईच्या व्यापाऱ्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. आम्ही मराठी नाव अठरा इंची वर आणि इंग्रजी दहा इंची खाली केलं. मला ते आधीपेक्षा देखणंही वाटलं.

वीज

अक्षरांत बारा व्होल्टची एलईडी मोड्यूल, सगळी मिळून २८८ वॅट. बारा व्होल्टवर हे २४ अँपिअर होतात, आणि नवखा वायरमन इथे फसतो. तो २३० चे बारा व्होल्ट करणारा एकच मोठा पॉवर सप्लाय दुकानात खाली ठेवतो आणि बारीक तारेने करंट वर नेतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून बारा अँपिअर दहा मीटर नेले, तर जाण्यायेण्यात तीन व्होल्टच्या आसपास हरवतात. मग शेवटची अक्षरं पिवळट, मंद दिसतात आणि दोष मोड्यूलच्या कंपनीला जातो. आम्ही पाणी न शिरणारे दोन पॉवर सप्लाय फलकाच्या दोन टोकांना, चौकटीच्या खालच्या बाजूला उघडता येणाऱ्या झडपेमागे ठेवले. प्रत्येकावर क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांहून कमी भार. वर जाते ती २३० व्होल्टची तार, तिचा करंट दोन अँपिअरच्याही आत.

पण ती २३० व्होल्टची तार म्हणजे आता फलकवाल्याचं काम राहत नाही. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार आणि परवानाधारक तारतंत्री यांचंच ते काम. फलकाला वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा), आणि लोखंडी चौकटीला दोन ठिकाणी अर्थिंग. पावसात चौकटीत गळती झाली आणि अर्थिंग नसलं, तर खालून शटर उघडणाऱ्या माणसाला ती लागते. ठेकेदाराकडून त्याच्या शिक्क्याचा चाचणी अहवाल घेतला. हा खर्च चौरस फुटाच्या दरात कधीच नसतो.

गल्लीतला बोर्ड विजेमुळेच रद्द झाला. गल्लीतून महावितरणची उघडी लाइन जात होती, इमारतीच्या भिंतीपासून आडवं अंतर १.८ मीटर. लोखंडी टेप घेऊन वर न जाता खालून लेसरने मोजलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे अशा लाइनपासून बांधकामाचं आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं. तीन फुटी बोर्ड लावला असता तर ०.९ उरलं असतं, आणि दुरुस्तीला चढणारा माणूस त्याहून जवळ. मालक हिरमुसले. त्याऐवजी त्या बाजूला भिंतीलगत सपाट बोर्ड दिला.

परवाने

कठड्यावरच्या सुट्या अक्षरांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ मध्ये आकाशचिन्हाला आयुक्तांची लेखी परवानगी लागते, आणि कलम २४५ जाहिरातींबद्दल आहे. खांबावर वा सांगाड्यावर उभं केलेलं, रस्त्यावरून बघितलं तर मागे आकाश दिसेल असं अक्षर किंवा चिन्ह म्हणजे आकाशचिन्ह. कठड्यावर उभी सुटी अक्षरं नेमकी यात मोडतात. भिंतीला सपाट बसवलेली दुकानाची पाटी मोडत नाही. त्यावर २०२२ चे राज्याचे नियम, इंजिनीअरचं स्थैर्यता प्रमाणपत्र, शुल्क आणि नूतनीकरण. १३ मे २०२४ ला घाटकोपरला छेडा नगरजवळ पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पडून १७ जण गेले. मुंबईत परवानगीची कमाल मर्यादा ४० बाय ४० ची होती. त्या घटनेनंतर पालिकांची या विषयाकडे बघण्याची नजर बदलली, आणि ते योग्यच झालं. मालकांनी कठड्याची अक्षरं सोडून दिली. दर्शनी फलकाचा अर्ज पुणे महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात त्यांच्या नावाने, आमच्या नकाशासकट गेला. कोणत्या आकारापर्यंत शुल्क नाही आणि कुठून लागतं हे प्रत्येक पालिकेत वेगळं असतं. ते कारागिराच्या तोंडून न घेता खिडकीवर विचारावं.

सोसायटीचा ना हरकत दाखला सगळ्यात उशिरा मिळाला. दुकान मालकाचं असलं तरी बाहेरची भिंत आणि बीम सगळ्यांचे. समितीच्या सचिवांनी अगदी रास्त प्रश्न विचारला : "बोल्टच्या भोकातून पाणी बीममध्ये मुरलं तर जबाबदार कोण?" प्रत्येक बोल्टभोवती सीलंट आणि फलकाच्या वरच्या कडेला भिंतीत खाच घेऊन बसवलेली पत्र्याची पट्टी, असं लेखी दिल्यावर सही झाली.

एक परवाना मात्र आम्हाला कोणीच मागितला नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. फलक बसवणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे वेगळा परवाना नाही. कॅलिफोर्नियात फलक कंत्राटदारासाठी सी-४५ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि अमेरिकेत विजेच्या फलकांसाठी यूएल ४८ हे मानक आहे. इथे वायरमनला परवाना लागतो, इंजिनीअरला पालिकेची नोंदणी लागते, पण सात मीटर लांबीचा पत्रा लोकांच्या डोक्यावर टांगणाऱ्याला काहीच लागत नाही. मला हे मनापासून खटकतं. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन घडतात. त्यांना जोडून अँकर, वाऱ्याचा भार आणि उंचीवरचं काम शिकवणारा एक छोटा अभ्यासक्रम आणि त्यावरची नोंदणी सुरू झाली, तर त्यासाठी रांगेत पहिला मी उभा राहीन. तोवर आम्ही स्वतःपुरतं केलं ते एवढंच : वर चढणाऱ्या प्रत्येकाचा विमा, कारण कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याखाली माणूस पडला तर देणं ठेकेदारावर येतं, आणि त्रयस्थासाठीचा वेगळा विमा, कारण खालून जाणाऱ्याशी आपला कसलाच करार नसतो.

कोटेशन आम्ही तीन भागांत दिलं होतं : फलक, बसवणी, वीज व परवाने. मालकांनी दुसऱ्या भागावर बोट ठेवून विचारलं की हे कमी होईल का. उभे अँगल आणि सगळे बोल्ट मिळून जो खर्च होता तो अक्षरांतल्या एलईडीच्या खर्चापेक्षा कमी होता. ते दोन आकडे शेजारी दिसल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एकाच दरात सगळं दाबून लिहिलं असतं, तर घासाघीस होऊन जो रुपया कमी झाला असता तो बोल्टमधूनच गेला असता, कारण अक्षरं दिसतात आणि बोल्ट दिसत नाहीत.

पत्रा चढवण्याआधी प्रत्येक बोल्टचा जवळून फोटो काढला, अँगलवर खडूने क्रमांक लिहून. ती फाइल मालकांकडे, सोसायटीकडे आणि आमच्याकडे आहे. फलक लागल्यानंतर महिन्याने परांची पुन्हा लावून नट तपासले. बीमवरचे दोन थोडे सैल सापडले, ते आवळले. एका अक्षरात पाणी साचलं होतं, कारण खालचं छिद्र रंगाने बुजलं होतं; ते मोकळं केलं. सोसायटी पुढच्या वर्षी इमारत रंगवायला काढणार आहे. रंगाऱ्यांच्या झुल्यासाठी फलकाच्या वरची पट्टी काढावी लागेल, आणि ती काढण्या-लावण्याचा दर आत्ताच लेखी ठरवून सचिवांकडे दिलाय.